तीन बाहेर, दोन आत

माणूस दिवसभर अंथरुणावर नुसता पडून राहिला तरी संध्याकाळी त्याला भूक लागतेच. हृदय धडधडतं, श्वास चालू असतो, अंगात ऊब असते. त्यांचा खर्च सहज ध्यानात येतो. पण त्या स्वस्थ पडलेल्या शरीराच्या एकूण खर्चातला साधारण पाचवा हिस्सा एका वेगळ्याच कामावर जातो. पेशीत शिरलेलं सोडियम बाहेर काढायचं आणि बाहेर निसटलेलं पोटॅशियम परत आत आणायचं, हे ते काम. मेंदूत तर हा वाटा निम्म्याच्या घरात जातो.

हे काम करणाऱ्या प्रथिनाला सोडियम-पोटॅशियम पंप म्हणतात. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पटलात तो बसवलेला आहे.

रक्ततपासणीचा कागद ज्यांनी हातात धरला आहे, त्यांना दोन आकडे ओळखीचे असतील: सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५. हे रक्तातलं प्रमाण झालं. पेशीच्या आत डोकावलं तर हिशेब बरोबर उलटा दिसतो. तिथे पोटॅशियम १४०च्या आसपास आणि सोडियम जेमतेम १० ते १५. मधली भिंत फक्त काही नॅनोमीटर जाडीची, तीही जागोजागी झिरपणारी. दोन्ही बाजूंचं प्रमाण केव्हाच सारखं व्हायला हवं होतं. ते होत नाही, कारण पंप थांबत नाही.

हे कळायला बराच काळ गेला. पेशीचं पटल सोडियमला आत येऊच देत नाही, असं पूर्वी शास्त्रज्ञ मानत. किरणोत्सारी सोडियम हाताशी आल्यावर ते आत-बाहेर ये-जा करताना स्पष्ट दिसलं आणि ही समजूत मोडली. १९४१ साली जॉन हॅरिस यांनी माणसाच्या लाल रक्तपेशी थंडीत ठेवल्या, तेव्हा त्यांतलं पोटॅशियम बाहेर गळू लागलं. त्याच पेशींना पुन्हा ऊब आणि ग्लुकोज मिळालं, तेव्हा त्यांनी पोटॅशियम परत आत ओढून घेतलं. म्हणजे आतली पातळी टिकवायला पेशीला खाणं लागत होतं. आजही रक्तपेढीच्या फ्रीजमधली पिशवी जितकी जुनी, तितकं तिच्या द्रवात पोटॅशियम जास्त असतं. थंडीत पंप जवळपास ठप्प होतो आणि गळती मात्र चालू राहते. म्हणूनच नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायची वेळ आली, तर डॉक्टर ताजी पिशवी मागतात.

पण पंप म्हणजे नेमकी कोणती वस्तू? ती सापडली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात, खेकड्यांच्या पायांत.

येन्स क्रिस्तियान स्कौ हे शिक्षणाने डॉक्टर, शस्त्रक्रियेची उमेदवारी केलेले. अंग बधिर करणारी औषधं नसेवर नेमकं काय करतात, या प्रश्नाने त्यांना प्रयोगशाळेत आणलं. त्यांना अशा नसा हव्या होत्या ज्यांच्याभोवती चरबीचं जाड वेष्टण नाही. किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांत त्या मिळाल्या. त्या नसा वाटून त्यांनी पटलाचे बारीक तुकडे वेगळे केले आणि त्यांना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, देऊन पाहिलं. एकटं सोडियम घातलं तर एटीपी फारसं तुटत नव्हतं, एकटं पोटॅशियम घातलं तरी नाही. दोन्ही एकत्र घातली की तोडणी झपाट्याने वाढे. इंधन जाळायला दोन्ही आयन एकदम लागणारं हे विकर दुसरं काय असणार? १९५७ साली त्यांनी हा निष्कर्ष छापला. लेखाच्या शीर्षकात मात्र ‘पंप’ हा शब्द नव्हता.

पुढच्या वर्षी व्हिएन्नातल्या जीवरसायनशास्त्राच्या परिषदेत त्यांची गाठ अमेरिकेच्या रॉबर्ट पोस्ट यांच्याशी पडली. पोस्ट लाल रक्तपेशींतली ने-आण तपासत होते. त्यांनी विचारलं, तुमचं हे विकर वाबेनने बंद पडतं का? वाबेन हे आफ्रिकेतल्या काही झाडांतून निघणारं विष. शिकारी ते बाणांच्या टोकाला लावत. ते पेशींतली ने-आण थांबवतं, हे तेव्हा माहीत झालं होतं. स्कौ यांनी तिथूनच ऑर्हूसला फोन करून चाचणी घ्यायला सांगितली. विकर बंद पडलं. शोध पक्का झाला. या कामासाठी १९९७ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा स्कौ यांना मिळाला, त्यांच्या लेखाला चाळीस वर्षं झाल्यावर. मे २०१८मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी ते वारले.

आता पंप जवळून पाहू. पटलात आरपार रुतलेल्या या प्रथिनाचं तोंड आधी पेशीच्या आतल्या बाजूला उघडं असतं. तिथल्या खाचांत सोडियमचे तीन आयन बसतात. मग एटीपीचा एक फॉस्फेट तुटून प्रथिनातल्या एका ठरलेल्या जागी चिकटतो. त्याबरोबर सगळा साचा पिळवटतो, आतलं तोंड मिटतं आणि बाहेरचं उघडतं. खाचांचा आकार बदललेला असल्यामुळे सोडियमला तिथे थारा उरत नाही आणि तिन्ही आयन बाहेर पडतात. त्यांच्या जागी पोटॅशियमचे दोन आयन येऊन बसतात, फॉस्फेट सुटतो, प्रथिन मूळ आकाराला येतं आणि पोटॅशियम आत पोचतं. एका सेकंदात असे शंभरएक फेरे होतात. दोन्ही तोंडं कधीच एकाच वेळी उघडी नसतात आणि या यंत्राची सगळी करामत त्यात आहे. क्षणभर जरी दोन्ही उघडली, तर आयन उताराने मोकाट धावतील आणि केलेलं काम पाण्यात जाईल. डुकराच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या या प्रथिनाची त्रिमिती रचना २००७ साली उलगडली, तीही ऑर्हूसमध्येच.

फक्त मीठ इकडून तिकडे करण्यासाठी एवढा खर्च कशाला, असं वाटणं साहजिक आहे. इमारतीचा पंप पाणी एकदा गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि मग प्रत्येक नळ त्या उंचीवर चालतो; पेशीतही तसंच आहे. बाहेर साचलेलं सोडियम आत यायला धडपडत असतं आणि त्या ओढीवर पेशी आपली बाकीची कामं उरकून घेते. नसेतून जाणारा संदेश म्हणजे सोडियमला काही क्षण दिलेली वाट. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मीठ असतं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक परत घेतलं जातं, तेही याच पंपाच्या जोरावर.

पंपाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून माणूस त्याला औषध देत आला आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने फॉक्सग्लव्ह वनस्पतीच्या उपयोगावर १७८५ साली पुस्तक लिहिलं. तिच्या कुळातून आलेलं डिगॉक्सिन आजही हृदयरोग्यांना दिलं जातं. ते पंपाला थोडंसं अडवतं. हृदयाच्या पेशीत सोडियम जरासं साचतं, सोडियमच्या ओढीवर कॅल्शियम बाहेर टाकणारं दुसरं प्रथिन त्यामुळे मंदावतं आणि राहिलेलं कॅल्शियम ठोका जोरकस करतं. मात्रा जराशी चुकली तर तोच ठोका बिघडतो. आपल्याकडे महामार्गांच्या दुभाजकांत फुललेली कण्हेर आणि अंगणातली पिवळी बिट्टी यांतही याच जातीची विषं आहेत. लहान मुलं बिट्टीच्या बियांशी खेळतात, तिथे मोठ्यांचं लक्ष हवं.

या पंपाचा एक सख्खा भाऊ जठरात आहे. तो पोटॅशियमच्या बदल्यात आम्लाचे आयन जठरात सोडतो आणि पेशीच्या तुलनेत दहा लाख पटींहून अधिक आम्लता उभी करतो. पित्तासाठी घेतलेली पँटोप्रॅझोलची गोळी त्यालाच जखडते. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात, कारण जेवणाने हे पंप कामाला लागतात आणि गोळी चालू पंपांनाच धरते.

पण या सगळ्यात जास्त जीव वाचवणारी गोष्ट आतड्यात घडते. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटं शिरत नाही. सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे मिळून एका प्रथिनातून आत येतात. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र प्रवेश करतात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथे मांडली. आत आलेलं सोडियम पंप पलीकडे रक्ताच्या बाजूला ढकलतो आणि मीठ-साखरेच्या मागोमाग पाणीही जातं. पटकीचं विष आतड्यातून पाणी बाहेर उपसतं, पण या जोडवाटेला धक्का लावत नाही. म्हणून पटकीच्या रोग्याला नुसतं पाणी पाजून भागत नाही; मीठ आणि साखर योग्य मापात घातलेलं पाणी मात्र शरीरात शिरतं. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते रोग्यांवर दाखवून दिलं.

१९७१ साली बांगलादेशातून आलेले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला दाटीवाटीने राहत होते आणि पटकीने माणसं पटापट मरत होती. शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत कालवून घेतलं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टर २०२२ साली गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३मध्ये मिळालं.

आजच्या ओआरएसच्या सूत्रात लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलीमोल असतं. ही जुळणी त्या आतड्यातल्या जोडवाटेसाठीच केलेली आहे. म्हणून पाकीट फोडताना त्यावर छापलेलं पाण्याचं माप पाहा आणि अख्खं पाकीट तेवढ्याच पाण्यात कालवा. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं, किंवा जुलाब होणाऱ्या मुलाला त्याऐवजी गोड डबाबंद पेय पाजलं, तर जास्तीची साखर शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. घरात पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, लहान घ्या.