नऊ विजयांचा हिशेब कसा मांडायचा?

टॉम क्रिस्टेन्सन हा डॅनिश ड्रायव्हर २०१४ च्या अखेरीस निवृत्त झाला, तेव्हा फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत त्याने ९ वेळा जिंकलेली होती. १९२३ साली सुरू झालेल्या या शर्यतीत एवढे विजय दुसऱ्या कोणाचेच नाहीत. बेल्जियमच्या जॅकी इक्सचा ६ विजयांचा विक्रम त्याने २००५ मध्येच मागे टाकला होता. तरीही शूमाकरचं नाव तोंडपाठ असलेल्या आपल्याकडच्या कित्येकांना क्रिस्टेन्सन कोण हे सांगता येणार नाही. फॉर्म्युला वनची एकही शर्यत तो धावला नाही, हे त्याचं एक कारण. दुसरं जास्त अडचणीचं आहे. ल मान्समध्ये गाडी एक आणि ड्रायव्हर तीन असतात. क्रिकेटमधली भागीदारी कितीही मोठी असो, कोणाच्या बॅटमधून किती धावा आल्या ते धावफलकावर दिसतं. इथे तिघांचा मिळून एकच निकाल लागतो. मग या ९ विजयांतला क्रिस्टेन्सनचा वाटा किती? माझ्या मते त्याचं मोठेपण जोखायला ९ पेक्षा १४ हा आकडा जास्त उपयोगी आहे.

१९९७ ते २०१४ अशी सलग १८ वर्षं तो ल मान्सला उतरला. त्यातल्या ४ वेळा त्याची गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. उरलेल्या १४ वेळा ती पहिल्या तिघांत आली, एकदाही चौथी नाही. त्या ४ अपयशांकडेही नीट पाहायला हवं. १९९८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या चाकांच्या बेअरिंगनी दगा दिला. १९९९ मध्ये गाडी काही फेऱ्यांनी पुढे असताना एक भाग तुटून ॲक्सिलरेटर अडकला आणि ती भिंतीवर गेली. तेव्हा स्टिअरिंगवर जे. जे. लेहतो होता. २००७ मध्ये आघाडीवरच्या ऑडीचं चाक निखळलं, तेव्हा रिनाल्डो कापेल्लो चालवत होता, तर २०११ च्या भीषण अपघातात ॲलन मॅकनिश. यात सहकाऱ्यांना दोष द्यायचा हेतू नाही, लेहतो आणि कापेल्लो यांच्या हातात तर काहीच नव्हतं. पण १८ वर्षांत क्रिस्टेन्सनच्या हातून गाडी कायमची बाद झाली असं एकदाही घडलं नाही, एवढं मात्र या नोंदींवरून दिसतं.

हे किती कठीण आहे ते कळायला ल मान्सची रात्र डोळ्यांपुढे आणावी लागते. साडेतेरा किलोमीटरहून लांब असलेल्या या मार्गाचा मोठा भाग एरवी साध्या वाहतुकीचा रस्ता असतो. त्यावर एकाच वेळी अतिवेगवान प्रोटोटाइप आणि एका फेरीला त्यांच्यापेक्षा अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेणाऱ्या जीटी गाड्या धावतात. म्हणजे आघाडीच्या ड्रायव्हरला अंधारात, ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात, संथ गाड्यांना रात्रभर ओलांडत राहावं लागतं. प्रत्येक वेळी प्रश्न तोच: आत्ता घुसायचं की पुढच्या वळणापर्यंत थांबायचं? थांबलं तर सेकंद जातात, घुसलं आणि समोरच्याने आरशात पाहिलंच नाही तर शर्यत संपते. पिटमध्ये कसोटी लागते ती सहकार्याची. इंधन भरलं जात असताना एक ड्रायव्हर बाहेर पडतो, दुसरा आत शिरतो. उतरणारा बहुधा तसाच घामाघूम वाकून पुढच्याचे पट्टे आवळायला, रेडिओची वायर जोडायला मदत करतो. गाडीची जुळणीही तिघांना चालेल अशीच करावी लागते. ती फक्त स्वतःच्या हाताला बसेल अशी करून घेणारा ड्रायव्हर एका फेरीत चमकतो आणि बाकीच्या दोघांचे तास नासवतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की त्याच्या बहुतेक विजयांतली ऑडीच इतकी सरस होती की कोणीही जिंकलं असतं. त्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २००० ते २००२ या तीन विजयांच्या वेळी ऑडी आर८ ला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी फारसा नव्हता, शिवाय गिअरबॉक्ससकट गाडीचा मागचा भाग काही मिनिटांत बदलता येईल अशी तिची रचना होती. पण मग १९९७ चं काय? शर्यत तोंडावर आली असताना जखमी ड्रायव्हरच्या जागी त्याला बोलावण्यात आलं, गाडी योस्ट या खाजगी संघाची होती, आणि या नवख्याने रात्री शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारली. २००३ चा विजय बेंटलीचा होता. २००४ मध्ये दुसऱ्या दोन संघांची प्रत्येकी एक आर८ सांडलेल्या तेलावरून घसरून भिंतीवर आदळली. क्रिस्टेन्सनच्या जपानी संघाची आर८ वाचली आणि जिंकली. २००५ मध्ये तर नियमांनी आर८ वर जादा वजन लादलेलं होतं आणि पेस्कारोलो संघाच्या गाड्या तिच्याहून वेगवान होत्या.

सगळ्यात बोलका पुरावा २००८ चा. पात्रता फेरीत पूजो गाड्या ऑडीपेक्षा ५ सेकंदांहून अधिक वेगवान ठरल्या होत्या, आणि या खेळात एवढा फरक म्हणजे निकाल आधीच लागल्यासारखा. क्रिस्टेन्सन, मॅकनिश आणि कापेल्लो यांनी तरीही तग धरला, पाऊस आल्यावर पारडं फिरवलं आणि दुसऱ्या क्रमांकाची पूजो त्याच फेरीत असताना शर्यत जिंकली. इथे गाडीला श्रेय देणाऱ्यांचा युक्तिवाद तोकडा पडतो. तिघांत वाटणी कशी करायची हा प्रश्न उरतोच, पण सहकारी, गाड्या आणि संघ बदलत गेले आणि निकाल तसेच राहिले, याला योगायोग म्हणायला १८ वर्षं जरा जास्तच होतात.

तो फॉर्म्युला वनमध्ये कधी धावलाच नाही, हा आक्षेप मात्र मला गंभीर वाटत नाही. तिथे दोन तासांच्या आत स्वतःचं सर्वस्व ओतायचं असतं, इथे अर्धवट झालेलं काम दुसऱ्याच्या हाती सुस्थितीत सोपवायचं असतं. २०१४ ची त्याची शेवटची ल मान्सच पाहा. सरावात सहकारी लोइक दुव्हालचा जबर अपघात झाला. गाडी नव्याने उभारावी लागली, दुव्हालच्या जागी ऐन वेळी मार्क जेने आला. रविवारी सकाळी तीच गाडी आघाडीवर होती. नंतर टर्बो बदलण्यात वेळ गेला आणि ती दुसरी आली. क्रिस्टेन्सन तेव्हा ४६ वर्षांचा होता.