अंधारातल्या पायऱ्या

मोरिवलीहून अंबरनाथच्या शिवमंदिरात आम्ही लहानपणी आजीबरोबर जायचो. सभामंडपातून गाभाऱ्यात वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काही दिसतच नाही. तळव्यांना गार, ओलसर दगड लागतो, भिजलेल्या बेलपानांचा वास येतो. आजी गेली त्याला खूप वर्षं झाली, पण त्या पायऱ्या उतरताना तिने घट्ट धरलेलं मनगट आजही जाणवतं.

मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. आठवण अशी जागेला बांधणारी माणसं पूर्वीही होती. त्या शिलालेखानंतर दोनेक शतकांनी महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. महानुभावांची ‘स्थानपोथी’ मला त्याहून विलक्षण वाटते. स्वामी कुठे राहिले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचं दार कोणीकडे, हे तीत बारकाईने नोंदवलंय. लीळा आठवायची तर जागा डोळ्यांपुढे हवी, हे या मंडळींनी ओळखलं होतं. ‘लीळाचरित्र’ झालं त्याच तेराव्या शतकात युरोपात थॉमस अक्वायनस सांगत होता, की लक्षात ठेवायच्या गोष्टीला चित्राचं रूप द्या आणि ती चित्रं क्रमाने लावा. नुसता विचार मनातून चटकन निसटतो.

यामागचं मेंदूतलं कारण कळायला १९७१ साल उजाडलं. उंदीर ठरावीक जागी आला, की त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ठरावीक पेशी चेततात, हे जॉन ओकीफ यांना दिसलं. २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आठवणी साठवण्याच्या कामातही हाच हिप्पोकॅम्पस लागतो. वासाची वाट तर आणखी जवळची. इतर संवेदना थॅलॅमसमार्गे पुढे जातात. गंध मात्र तो टप्पा न घेताच भावना आणि स्मृतीच्या केंद्रांजवळ पोचतो. म्हणून बेलपानाबरोबर आजी येते.

जागांच्या आधाराने लक्षात ठेवण्याची ही कला शिकताही येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साध्या माणसांनी चाळीस दिवस, रोज अर्धा तास, ओळखीच्या वाटेवर शब्द ‘ठेवण्याचा’ सराव केला. ७२ पैकी सरासरी २६ शब्द आठवणारे ६२ वर पोचले.

दहावीतल्या भाचीला मी मंदिरात नेलं. पहिल्या पायरीवर हायड्रोजन, दुसरीवर हेलियम, असं करत पिंडीजवळ कॅल्शियम ठेवलं. आता घरी सपाट फरशीवर बसून ती मूलद्रव्यं म्हणते, तेव्हा तिच्या पायाचा अंगठा पुढची पायरी चाचपत असतो.