यादी मोठी, पडदा लहान

गावातील लाभार्थ्यांच्या यादीत शेकडो नावे असतात; मोबाईलच्या पडद्यावर मात्र एका वेळी जेमतेम ८-१० ओळी मावतात. तरीही बोटाने सरकवताच यादी अखंड पुढे वाहत राहते. हे कसे साधते?

सर्वच नावांच्या चौकटी एकदम तयार केल्या, तर अल्प स्मृतिक्षमतेचा स्वस्त फोन अडखळू लागतो. म्हणून अँड्रॉइड प्रणालीत २०१४ साली ‘रिसायकलर व्ह्यू’ ही सोय आली. तिचे कार्य रहाटगाडग्यासारखे आहे. माळेतील गाडगी मोजकीच असतात. रिते झालेले गाडगे विहिरीत उतरून पुन्हा भरून येते. त्याचप्रमाणे पडद्याबाहेर गेलेल्या चौकटीतच पुढील नावाचा मजकूर भरला जातो. नाव, छायाचित्र व खूण एकत्र दाखविणाऱ्या अशा चौकटीस ‘कार्ड’ म्हणतात.

मात्र येथे दक्षता आवश्यक आहे. चौकट पुन्हा भरताना आधीची खूण पुसली गेली नाही, तर एकाच्या नावापुढील ‘धान्य दिले’ ही खूण दुसऱ्याच्या नावापुढे दिसू शकते. मूळ नोंद अचूक असूनही केवळ पडद्यावर विसंबल्यास एखादे कुटुंब हक्काच्या धान्यास मुकण्याचा संभव असतो.

यास्तव नवे ॲप स्वीकारण्यापूर्वी काही नावांपुढे चाचणीसाठी खुणा कराव्यात, यादी वेगाने तळापर्यंत नेऊन पुन्हा वर आणावी आणि सर्व खुणा जागच्या जागी आहेत की नाहीत, हे पडताळावे. या तपासणीस संगणकाच्या विशेष ज्ञानाची आवश्यकता नाही. शिक्षक, ग्रामसेवक वा पंचायत सदस्य, कोणासही ती सहज करता येईल.