तुरुंगातून सुटलेल्या बाईनं जायचं कुठं?

शिक्षा भोगून पुरुष घरी आला की लोक चार दिवस कुजबुजतात आणि मग विसरतात. बाईचं तसं नसतं. माहेरची माणसं म्हणतात, "तू आम्हाला मेलीस." सासरच्या दाराला आतून कडी. मग तिनं जायचं कुठं?

हा प्रश्न जुनाच आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये दोघांना तो पडला आणि त्यांनी चक्क एक घर थाटलं. त्या घराविषयी वाचल्यापासून ते माझ्या मनातून जात नाही.

त्यातल्या एक अँजेला बर्डेट-कूट्स. बँकवाल्या आजोबांची अफाट दौलत १८३७ मध्ये त्यांच्या हाती आली, तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. दुसरा 'ऑलिव्हर ट्विस्ट'चा लेखक चार्ल्स डिकन्स. कर्जापायी त्याचे वडील तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता. तुरुंगाची झळ त्याला घरातच बसली होती.

पैसा बाईंचा, कारभार डिकन्सचा. नोव्हेंबर १८४७ मध्ये शेफर्ड्स बुश भागात 'युरेनिया कॉटेज' सुरू झालं. एका वेळी जेमतेम तेराएक मुली. बऱ्याचजणी थेट तुरुंगातून आलेल्या. कुणी शिवणकामावर पोट भरेना म्हणून चोरी केलेली, कुणी जीव द्यायला निघालेली. तेव्हा तिथं तोही गुन्हाच होता!

मला सगळ्यात भावलं ते तिथलं वागवणं. अशा आश्रमांत तेव्हा मळकट रंगाचे कपडे आणि उठताबसता उपदेश असायचा. डिकन्सनं मुलींसाठी रंगीत कपडे आणवले. बाईंना साधे कपडे हवे होते, पण यानं हट्ट सोडला नाही. घरात पियानो होता. बागेत प्रत्येकीला फुलझाडांसाठी स्वतःचा छोटासा वाफा होता. रोज लिहिणं-वाचणं, पाव भाजणं, कपडे धुणं, शिवण. खरेपणा, टापटीप, काटकसर, स्वभाव अशा नऊ गोष्टींसाठी रोज गुण मिळायचे आणि गुणांचे पैसे तिच्या नावावर जमा व्हायचे.

आणखी एक नियम होता. मुलगी आली की डिकन्स तिची कहाणी एकदाच वहीत उतरवून घ्यायचा. त्यानंतर तिनं मागचं कुणाजवळ काढायचं नाही आणि देखरेख करणाऱ्या बायकांनीही विचारायचं नाही. बायांनो, हे किती अवघड आहे, आपल्याला ठाऊक आहे!

सगळं गोड मात्र नव्हतं. १८५३ मध्ये डिकन्सनं स्वतःच हिशेब मांडला. तोवर आलेल्या ५६ जणींपैकी कुणी पळून गेल्या, काहींना काढून टाकावं लागलं. तिसेकजणी परदेशी जाऊन नीट मार्गाला लागल्या. १८५८ मध्ये तर या गृहस्थानं दहा मुलांची आई असलेल्या आपल्या बायकोलाच वेगळं काढलं. बर्डेट-कूट्सबाईंशी त्याचे संबंध दुरावले आणि पुढं काही वर्षांत ते घरही बंद झालं.

परदेशी का, असं तुम्ही विचाराल. कारण वर्षभर शिकवून-सावरून तयार केलेल्या या मुलींना ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका किंवा कॅनडाच्या जहाजात बसवून द्यायचं, असं आधीपासूनच ठरलेलं होतं. ओळखीच्या मुलखात त्यांना कुणी कामावर ठेवणार नाही, याची दोघांनाही खात्री होती. मला खरी टोचते ती हीच गोष्ट. चूक फेडून झाली, हाताला काम आलं, तरी देश सोडायचा!

आपल्याकडे तर असं जहाजही नाही. सुटून आलेली बाई इथंच, आपल्या गल्लीतच राहणार. उद्या तिनं पोळ्या करायचं काम मागितलं, तर पहिला प्रश्न "काय गं, काय केलं होतंस?" हा विचारायचा, की "सकाळी किती वाजता येशील?" हा? एवढं तरी आपल्या हातात आहे.