रब्बीचे नियोजन : गव्हाचे क्षेत्र जानेवारीच्या पाण्यावर ठरवा

खरिपाची काढणी सुरू झाली की रब्बीच्या पिकांची चर्चा सुरू होते. परतीचा पाऊस चांगला झालेला असतो, विहीर काठोकाठ भरलेली दिसते आणि गव्हाचे क्षेत्र वाढवावे असे वाटू लागते. दोन-तीन पाण्यापर्यंत सारे सुरळीत चालते. ओंबी बाहेर पडते, दाण्यात चीक भरू लागतो आणि नेमकी त्याच वेळी मोटर तासाभरात हवा ओढायला लागते. बी, खत, मशागत असा सगळा खर्च तोपर्यंत झालेला असतो. मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील विहीर बागायतीत ही वेळ अनेकांवर येते. म्हणून पीक कोणते, वाण कोणता हे ठरवण्याआधी पाण्याचा हिशोब मांडावा.

विहिरीतील पाणी कसे मोजावे

गोल विहिरीचा व्यास ६ मीटर, म्हणजे साधारण २० फूट असेल, तर १ मीटर उंचीच्या पाण्यात सुमारे २८ हजार लिटर पाणी असते. विहिरीत ८ मीटर पाणी उभे असले तरी ते झाले सव्वादोन लाख लिटर. आता शेताकडून पाहू. एक एकरावर १ सेंटिमीटर पाणी द्यायला सुमारे ४० हजार लिटर लागतात. सारा पद्धतीने एका पाळीत ६ सेंटिमीटर पाणी धरले तर एकरी सुमारे २ लाख ४० हजार लिटर झाले. म्हणजे काठोकाठ दिसणारी ही विहीर पूर्ण उपसली तरी एका एकराची एक पाळीही पुरी होत नाही. पीक जगते ते विहिरीच्या पाझरावर, उभ्या पाण्यावर नाही.

पाझर मोजायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी मोटर बंद केल्यावर दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी पाहावी आणि सकाळी मोटर सुरू करण्यापूर्वी पुन्हा पाहावी. रात्रीत ३ मीटर पाणी चढले, तर वरच्या विहिरीत दररोज सुमारे ८५ हजार लिटर पाणी मिळते. गव्हाची पाळी २० दिवसांनी येते असे धरले, तर २० दिवसांत १७ लाख लिटर होतात. त्यात ७ एकर भिजतात. हा झाला ऑक्टोबरचा हिशोब, आणि फसगत इथेच होते. जानेवारीच्या शेवटी तीच विहीर रात्रीत १ मीटरच चढत असेल, तर २० दिवसांत साडेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी मिळेल. त्यात भिजतील जेमतेम सव्वादोन एकर. आपली विहीर गेल्या चार-पाच वर्षांत जानेवारीत किती चढत होती, हे घरात कोणाला ना कोणाला आठवत असतेच. गव्हाचे क्षेत्र त्या आकड्यावर ठरवावे. उरलेल्या रानात हरभरा, ज्वारी किंवा करडई घ्यावी.

तुषार सिंचन असेल तर एका पाळीत ४ सेंटिमीटर पाण्यात काम भागते आणि त्याच साडेपाच लाख लिटरमध्ये साडेतीन एकर भिजतात. मातीच्या दांडातून लांब पाणी न्यावे लागत असेल तर उलट होते. वाटेत मुरणारे पाणी हिशोबात धरावे लागते. उन्हाळ कांदा लावायचा विचार असेल तर त्याला मार्च-एप्रिलपर्यंत पाणी लागते हे विसरू नये. कांदा आणि गहू दोन्हींसाठी जानेवारीतला तोच पाझर दोनदा मोजला जातो, हे अनेक ठिकाणी दिसते.

कालव्याच्या लाभक्षेत्रात आवर्तने किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. बैठकीचा निर्णय कळेपर्यंत गव्हाचे बी आणून ठेवण्याची घाई करू नये. नमुना नंबर ७ वरील पाणी अर्ज मात्र मुदतीत भरावा.

किती पाण्यावर कोणते पीक

गव्हाला मध्यम ते भारी जमिनीत चार ते पाच पाणी लागतात. पाणी कमी असेल तर ते कधी द्यायचे याला महत्त्व येते. एकच पाणी शक्य असेल तर पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. दोन असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. तीन असतील तर या दोहोंच्या मध्ये ४० ते ४२ दिवसांचे पाणी घालावे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींनुसार पुरेशा पाण्याच्या तुलनेत एकाच पाण्यावर गव्हाचे उत्पादन ४१ टक्के, तर दोन पाण्यांवर २० टक्के घटते. हे आकडे लक्षात घेतले तर एका पाण्यावर गहू घेण्यात अर्थ नाही. तेच पाणी हरभऱ्याला द्यावे.

हरभऱ्याची सोटमुळे खोल जातात, पाण्याची गरज कमी असते आणि दोन पाण्यांत चांगले पीक निघते. पहिले पाणी ३० ते ३५ दिवसांनी फांद्या फुटताना, दुसरे ६० ते ७० दिवसांच्या दरम्यान घाटे भरताना द्यावे. एकच असेल तर ४० ते ४५ दिवसांनी द्यावे. हरभऱ्याला पाणी जास्त झाले की झाड नुसते वाढते, पिवळे पडते, मर आणि मुळकूज वाढते. भारी रानात पाणी हलकेच द्यावे आणि जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबू नये. भेगाळलेल्या रानात पाणी भेगांतून खाली जाते, मग पाळी आटोक्यात राहत नाही.

पाणी अजिबात नसेल तर जमिनीची खोली पाहावी. कोरडवाहू रानात जमीन हीच विहीर असते. ढोबळमानाने ४५ सेंटिमीटर खोलीच्या काळ्या जमिनीत पिकाला मिळेल अशी ओल ६० मिलिमीटरच्या आसपास साठते, तर ९० सेंटिमीटर खोल जमिनीत ती १४० मिलिमीटरच्या घरात जाते. म्हणून रब्बी ज्वारीचा वाणही खोलीप्रमाणे निवडायचा असतो. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा परभणी मोती, भारी रानात फुले वसुधा किंवा फुले यशोदा घ्यावा. मालदांडी ३५-१ ची भाकरी आणि कडबा आजही लोकांना हवा असतो, त्यामुळे मध्यम जमिनीत घरापुरती मालदांडी ठेवण्यात काही गैर नाही. जनावरे असलेल्या घरात ज्वारीचा हिशोब फक्त धान्याच्या भावावर करू नये. उन्हाळ्यात विकत कडबा घेण्याचा खर्च त्यात धरला की चित्र बदलते.

करडई मागे पडत चालली आहे. काढणीला मजूर मिळत नाहीत हे त्याचे मोठे कारण आहे. तरीही भारी कोरडवाहू रानात खोलवरची ओल वापरणारे तिच्याइतके काटक पीक दुसरे नाही आणि काट्यांमुळे मोकाट जनावरांचा त्रासही कमी होतो. सगळे रान करडईला द्यायचे नसेल तर हरभऱ्याच्या सहा ओळींनंतर करडईच्या तीन ओळी घ्याव्यात.

तारखा

कोरडवाहू ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात व्हावी. करडई सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरावी. उशीर झाला की तिच्यावर मावा तुटून पडतो. जिरायत हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, बागायत हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, आणि बागायत गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. १५ नोव्हेंबरनंतर गव्हाच्या पेरणीला जेवढे पंधरवडे उशीर होईल, त्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटते. उशीर होणारच असेल तर फुले समाधान किंवा एनआयएडब्ल्यू ३४ यांसारखा वाण घ्यावा. १५ डिसेंबरनंतर मात्र गहू पेरू नये.

सोयाबीन घेणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. सोयाबीन निघते तोवर जिरायत हरभऱ्याची मुदत संपत आलेली असते आणि ऑक्टोबरच्या उन्हात रान झपाट्याने वाळते. अशा वेळी नांगरट करू नये. नांगरटीने उरलीसुरली ओल उडून जाते. सोयाबीन उचलताच कुळवाची एक पाळी द्यावी आणि लगेच पेरावे. बी ओलीत पडले पाहिजे, त्यासाठी पेरणी थोडी खोल गेली तरी चालते. एक पाणी हाताशी असेल तर रान ओलवून, वाफसा आल्यावर पेरणे अधिक खात्रीचे. ज्या रानात गेल्या वर्षी मर रोगाने हरभऱ्याचे ठिपके पडले होते, तिथे पुन्हा हरभरा घेऊ नये. बीजप्रक्रियेने मर कमी होते, पण जमिनीत वर्षानुवर्षे राहणारी बुरशी संपत नाही.

बी आणि खत

ज्वारी, हरभरा, गहू यांचे सुधारित वाण सरळ वाण असल्याने घरचे चांगले बी वापरता येते. मात्र उगवण तपासावी. ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीने ठेवून गुंडाळी करावी आणि सात-आठ दिवसांनी मोजावे. गहू, हरभऱ्याचे ८५ आणि ज्वारीचे ७५ दाणे उगवायला हवेत. थोडे कमी असतील तर त्या प्रमाणात बी वाढवावे, फारच कमी असतील तर बी बदलावे.

एकरी बियाणे ज्वारीला ४ किलो, गव्हाला ४० ते ५० किलो लागते. हरभऱ्यात दाण्याच्या आकाराप्रमाणे फरक पडतो. विजयसारख्या लहान दाण्याच्या वाणाला २६ ते २८ किलो, तर विशाल, दिग्विजय यांना ४० किलो लागते. ज्वारीच्या बियाण्याला किलोला ४ ग्रॅम गंधक चोळल्यास दाण्याची काणी टळते. हे काम स्वस्त आहे, तरी राहून जाते. हरभऱ्याला आधी ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम, नंतर रायझोबियम लावून बी सावलीत सुकवावे.

हरभऱ्याला एकरी एक गोणी डीएपी आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश पेरणीवेळीच द्यावे, नंतर युरियाची गरज नाही. कोरडवाहू ज्वारीला मध्यम जमिनीत ३५ किलो युरिया आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याखाली पेरून द्यावे. कोरड्या रानात नंतर वरून फेकलेला युरिया मुळांपर्यंत पोचत नाही. गव्हाला अर्धे नत्र पेरताना आणि अर्धे पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावे.

कोरडवाहू ज्वारीत तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने केली तर भेगा बुजतात आणि ओल टिकते. संरक्षित पाणी देण्याची सोय नसलेल्या शेतकऱ्याच्या हाती एवढाच उपाय असतो, त्यामुळे तण नसले तरी कोळपणी चुकवू नये.

पीक विम्यात रब्बीच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या जास्तीत जास्त दीड टक्का असतो. पिकानुसार मुदत वेगळी असते आणि ज्वारीची आधी संपते, म्हणून त्या वर्षीची जाहीर तारीख कृषी सहायकाकडून पाहून घ्यावी. पेरणीनंतर ई-पीक पाहणीत रब्बीच्या पिकाची नोंद करावी. विमा हरभऱ्याचा आणि सातबाऱ्यावर नोंद गव्हाची असेल तर दावा अडकतो.