बोंडाच्या झालरीखाली

ऑक्टोबरातली सकाळ. यवतमाळकडच्या एका कपाशीत शिरलो आणि दवानं गुडघ्यापर्यंत भिजलो. काकू माझ्याआधीच कामगंध सापळ्याची लांब पिशवी सोडवत बसल्या होत्या. तळाशी राखाडी-तपकिरी, बोटाच्या नखाहून जेमतेम मोठे पतंग. एकेक सरकवत त्यांनी मोजले: 11. काल 9, परवा 8. गुलाबी बोंडअळीसाठी सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 पतंग ही धोक्याची खूण.

हे सगळे नर. रात्री मादी पोटाचं टोक उचलून गंध सोडते, त्या वासामागे तो उडत येतो. 1973 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हा गंध ओळखला, नाव पडलं गॉसिप्ल्यूर. दोन संयुगं जवळपास सम प्रमाणात, रचना इतकी सारखी की फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या वळणाचा. सापळ्यातल्या रबराच्या बारक्या ल्यूरमध्ये हेच भरलेलं असतं. मादी मात्र इथं फिरकत नाही. सापळा नुकसान सांगतो ते असं आडून, आणि म्हणूनच मला अंडी पाहायची होती.

भिंग घेऊन मी पानं उलटू लागलो. काकूंना राहवेना.

"पानाले काय पाहून रायले भाऊ, बोंड पाहा."

बोंडं धरली की मादी पानांऐवजी बोंडांकडे वळते. देठाशी जी हिरवी झालर असते, तिच्या आत, बोंडाला चिकटून अंडी घालते. झालर नखानं वाकवली. अर्ध्या मिलिमीटरचे, मोत्यासारखे पांढरे, चपटे चार ठिपके. फवाऱ्याचा थेंब इथं पोचणं अवघड. अळी निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि मागचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड टवटवीतच दिसतं. मला या किडीची सगळ्यात जास्त भीती वाटते ती यासाठी.

काकूंनी शेतात फिरून 20 हिरवी बोंडं तोडली आणि बांधावर बसून फोडू लागल्या. त्यांतल्या 2 बोंडांत अळी दिसली, तर फवारणी. सातव्यात निघाली: पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अजून गुलाबी न झालेली. पुढची दहा निर्मळ. अठराव्यात दुसरी.

"मारा लागन आता," काकू म्हणाल्या, आणि उरलेली दोनही फोडून पाहिली.