लाइट गेल्यावरची वीस मिनिटं

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडला लागून असलेल्या एका गल्लीतलं साड्यांचं दुकान. लग्नसराई तोंडावर आलेली, गादीवर साड्यांचा ढीग पडलेला, आमच्या घरच्यांचं तिसरं ‘अजून दाखवा’ चालू होतं, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरनं लगेच सांभाळून घेतलं. दिवे आले, पंखे फिरायला लागले. दुकानात वाजत असलेली सनई मात्र बंदच राहिली, कारण म्युझिक सिस्टिम इन्व्हर्टरवर घेतलेली नव्हती. त्या क्षणी गादीमागं ओळीनं उभ्या असलेल्या पाचही मुलींचे खांदे एकदम खाली आले. डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर येतात तसे. एकीनं डोळे मिटून घेतले. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

‘काय झालं हो?’ मी विचारलं.

‘काय न्हाई दादा, जरा बरं वाटलं. सकाळी साडेदहापास्नं तेच चालू हाय. रात्री घरी गेलो तरी भांडी घासताना डोक्यात तेच वाजतंय.’

(कोल्हापूरच्या मुली ‘गेलो’च म्हणतात. बाहेरच्यांनी व्याकरण काढू नये.)

मला दुकानात येऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. ती सनई मला छान वाटत होती, लग्नघरात आल्यासारखी. उत्तर देणाऱ्या त्या मुलीला तीच सनई नकोशी झाली होती. सूर तेच, आवाज तेवढाच, भिंती त्याच. मग बदललं काय? तिनं हिशेब सांगितला: पेनड्राइव्हमध्ये अकरा धुना आहेत, सगळ्या मिळून बावन्न मिनिटांच्या. मी मनात गुणाकार केला. दहा तासांची ड्युटी म्हणजे दिवसाला साडेअकरा फेऱ्या. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तीनशेच्या आसपास. कुठलाही उत्तम कलाकार तीनशे वेळा ऐकला तर काय होईल? घरी आलो आणि या प्रश्नाच्या मागं लागलो, आणि जे हाती आलं त्यानं थक्क झालो.

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही, इथपासून सुरुवात. पण नुसतं तेवढं असतं तर पंख्याच्या घरघरीनंही वेड लागलं असतं. पंख्याचा आवाज पाच मिनिटांत ऐकू येईनासा होतो, कारण त्यात नवं काही नसतं आणि मेंदू नवं नसलेल्या गोष्टीवरचं लक्ष काढून घेतो. गाण्याचं तसं नाही. गाणं सतत बदलत असतं आणि प्रत्येक सुराबरोबर पुढच्या सुराचं आश्वासन देत असतं. मेंदू त्या आश्वासनाच्या मागं धावतो. समेची वाट बघणं हे आपल्याकडच्या मैफलीत बसलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. तीच धाव तुमच्या परवानगीशिवाय दुकानातही चालू असते.

एरिक साती नावाचा फ्रेंच संगीतकार होता. लक्ष न देता ऐकायचं संगीत त्यानं मुद्दाम रचलं आणि त्याला ‘फर्निचरचं संगीत’ म्हटलं. खुर्ची-टेबलासारखं खोलीत पडून राहणारं. १९२०मध्ये पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवलं, तर लोक गप्पा सोडून ऐकायला लागले. साती बिचारा लोकांमध्ये फिरून सांगत होता, बोला, फिरा, ऐकू नका! कुणी ऐकेना. म्हणजे, सगळे ऐकतच बसले.

आता पुनरावृत्तीचं. पुन्हा पुन्हा कानावर पडलेली गोष्ट आपल्याला आधी आवडायला लागते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८मध्ये हे दाखवून दिलं, तेही अर्थ नसलेले शब्द आणि अनोळखी अक्षरं लोकांसमोर धरून. नुसती ओळख वाढली की माया वाढते. पण डॅनिएल बर्लाइन या दुसऱ्या अभ्यासकानं पुढचा अर्धा भाग मांडला: ही माया चढते आणि एका टोकाला पोहोचली की उतरायला लागते. डोंगरासारखा आलेख. गिऱ्हाईक चढणीवर असतं, दुकानातला माणूस कधीच पलीकडच्या उताराला लागलेला असतो. दोघांमध्ये फक्त एक गादी.

पुनरावृत्तीची याहून अजब करामत बघायची असेल तर दुकानातून बाहेर या. रस्त्यावर हातगाडीला लावलेला छोटा भोंगा असतो, त्यात एकदाच रेकॉर्ड केलेलं वाक्य: ‘कुठलंबी घ्या पन्नासला, शंभरला तीन!’ पहिल्यांदा ते बोलणं असतं. गाडीपाशी दोन मिनिटं उभे राहा. ‘कुठलंबी’ला एक चढ येतो, ‘तीन’वर ठेका पडतो, आणि बघता बघता ते वाक्य गाणं होतं. रेकॉर्डिंगमध्ये तसूभरही फरक पडलेला नसतो. अमेरिकेतल्या डायना डॉइच यांना हे १९९५मध्ये अपघातानं सापडलं. स्वतःच्याच आवाजातलं निवेदन त्या तपासत होत्या, त्यातले चार-पाच शब्द यंत्रावर फिरत राहिले, त्या दुसऱ्या कामाला लागल्या, आणि थोड्या वेळानं वाटलं, खोलीत कुणी बाई गातेय! बोलणं आणि गाणं यांच्यामधलं कुंपण कानात नाही, मेंदूत आहे, आणि नुसत्या घोकण्यानं ते ओलांडता येतं. आपल्या नामस्मरणाच्या परंपरेला हे फार आधीपासून ठाऊक असावं, असा माझा कयास.

त्या गाडीवाल्याला विचारलं, दिवसभर त्रास होत नाही का? तो म्हणाला, ‘होतंय की. पण ओरडून घसा बसण्यापेक्षा बरं न्हवं?’ आणि लगेच म्हणाला, ‘बंद करायचं बटन माझ्याकडंच हाय.’ हे वाक्य ध्यानात ठेवा.

भांडी घासताना वाजणारं गाणं हा वेगळाच प्रकार. जर्मन भाषेत त्याला ‘कानातला किडा’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपण ‘गाणं तोंडात बसलंय’ म्हणतो आणि आपला शब्द जास्त बरोबर आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१५मध्ये एक साधा प्रयोग झाला: च्युइंगगम चघळणाऱ्यांच्या डोक्यात चिकटलेलं गाणं कमी वेळा डोकावलं. मनातल्या मनात गाताना आपण जबड्याची आणि जिभेची यंत्रणा बारीकशी वापरत असतो; ती चावण्यात गुंतवली की गाण्याला जागा उरत नाही. गाणं खरंच तोंडात बसलेलं असतं. त्या मुलीला मी बडीशेप सुचवली आहे. शास्त्रीय आधार तेवढा कच्चा.

मोजदादीवरही गाण्याचा घाला पडतो. आकडे आपण मनात बोलून धरून ठेवतो. त्याच वेळी शब्द असलेलं गाणं कानावर पडलं तर ते शब्द याच जागेत घुसतात. १९७६मध्ये कोल आणि वेल्श या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना अक्षरांची यादी लक्षात ठेवायला लावली आणि मागं जर्मन बोलणं लावलं. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हतं. तरीही चुका वाढल्या. म्हणजे, न कळणारी भाषासुद्धा आत शिरतेच. कोल्हापुरातल्याच राजारामपुरीतल्या एखाद्या शोरूममध्ये कळत नसलेलं इंग्रजी गाणं वाजत असताना दिवसाअखेर गल्ला मोजणाऱ्याला तिसऱ्यांदा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर त्याला वेंधळा म्हणू नये.

मग दुकानदार हे लावतात तरी का? कारण पैसे मिळतात. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८२मध्ये एका अमेरिकी सुपरमार्केटमधला प्रयोग प्रसिद्ध केला. संथ लयीचं संगीत लावलं की लोक सावकाश चालत, आणि जलद लयीच्या दिवसांपेक्षा विक्री ३८ टक्क्यांनी जास्त होई. विलंबित लयीचा असा रोख फायदा कुठल्याही खाँसाहेबांना झाला नसेल! पुढं १९९७मध्ये ब्रिटनमधल्या एका सुपरमार्केटात फ्रेंच धून लावली तेव्हा फ्रेंच वाइन जास्त खपली, जर्मन लावली तेव्हा जर्मन. आणि धुनेमुळं आपण ही बाटली उचलली, हे बहुतेक गिऱ्हाइकांनी कबूलच केलं नाही. सनईनं आमच्या घरी दोन साड्या जास्त आल्या का, हे मी घरात विचारलेलं नाही.

गंमत अशी, की असं संगीत पुरवायचा धंदा ज्यांनी उभा केला त्यांना मालक आणि गिऱ्हाईक सोडून तिसरा माणूस, म्हणजे तिथं काम करणारा, दिसत होता. अमेरिकी लष्करातले जनरल जॉर्ज स्क्वायर यांनी तारेवरून संगीत पाठवायची युक्ती काढली. त्यावर उभ्या राहिलेल्या कंपनीचं नाव १९३४मध्ये ‘म्युझॅक’ पडलं. कारखान्यांसाठी म्युझॅकनं बेत आखला तो असा: पंधरा मिनिटं संगीत, मग पंधरा मिनिटं शांतता. महायुद्धात बीबीसीनं २३ जून १९४० रोजी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कारखान्यांतल्या कामगारांसाठीचा कार्यक्रम सुरू केला, तोही अर्ध्या अर्ध्या तासाचा, दिवसातून दोनदा. एक लोकप्रिय गाणं तर त्यातून वगळलं, कारण त्यात टाळ्यांची जागा होती आणि कामगार हातातली हत्यारं आपटून ती भरत. दिवसभर गाणं लावून ठेवलं तर त्याचा गुण जातो, हे तेव्हाच माहीत होतं. ते विसरायला स्वस्त पेनड्राइव्ह पुरला.

आणि कोल्हापूरला हे परदेशातून शिकायची गरजच नव्हती. या दुकानापासून हाकेच्या अंतरावर जुन्या राजवाड्याचा नगारखाना उभा आहे. सनई-चौघडा तिथला. पण तो ठरल्या प्रहरी वाजे आणि थांबे. म्हणून तर तो झडला की लोकांना वेळ कळे. दिवसभर वाजता तर काय कळणार? शाहू महाराजांनी ज्यांना दरबारात आणलं त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचं हे गाव. त्या परंपरेत सकाळचा राग संध्याकाळी गात नाहीत. यामागं काय शास्त्र आहे यावर पंडितांनी भांडावं; मला त्यातलं व्यवहारी शहाणपण दिसतं. भैरव रोज ऐकला तरी विटत नाही, कारण तो उरलेला दिवस तुम्हाला सोडून देतो.

कामाबरोबरच्या गाण्याचं म्हणाल तर आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून काय करत होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. काम तेच, खुंटा तोच, फेरा तोच, पण ओवी रोज नवी जुळवता यायची. लय जात्याच्या फिरण्याची. दळण संपलं की गाणं संपलं. सासूबद्दलचं गाऱ्हाणं हवं तर त्यात घालता येई. गाणं कामकरणीच्या मालकीचं होतं.

इथं गाडीवाल्याचं बटन आठवा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७०च्या आसपास लोकांना कानठळ्या बसवणाऱ्या, अवचित येणाऱ्या गोंगाटात कामाला बसवलं. काहींना एक बटन दिलं आणि सांगितलं, फारच असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. गोंगाट सगळ्यांनी सारखाच सोसला. पण नंतर अवघड कोडी सोडवायला दिली तेव्हा बटनवाले चिकाटीनं बसले, बिनबटनवाल्यांनी लवकर हात टेकले. मुद्रितशोधनातही त्यांच्याच चुका जास्त. न दाबलेल्या बटनाची ही ताकद! गादीमागच्या त्या मुलीला सनई छळत नव्हती. सनई थांबवता येत नाही, हे छळत होतं. पेनड्राइव्ह लावलेला प्लेअर शेठजींच्या गल्ल्यामागं, काचेच्या कपाटात असतो.

कायदा इथं कामाचा नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी व्यापारी भागासाठी दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, पण ती आवाजाच्या तीव्रतेची आहे. तीनशेव्यांदा वाजणाऱ्या हळू सनईचं माप कुठल्याच मीटरवर नाही. रेकॉर्ड केलेली गाणी दुकानात लावायला हक्कधारकांचा परवाना लागतो. गाण्याच्या मालकाला विचारायचं असतं, ऐकणाऱ्या नोकराला विचारावं असं कुठं लिहिलेलं नाही.

वीस मिनिटांनी लाइट आली. आणि त्या मुलीनं आधीच तोंड वाकडं केलं. मला कळेना. ‘लाइट गेली न्हवं,’ ती म्हणाली, ‘आता ते परत पहिल्यापास्नं लागणार.’ तसंच झालं. प्लेअर पहिल्या धुनेवर गेला. म्हणजे ज्या दिवशी लाइट जास्त वेळा जाते, त्या दिवशी पहिली धून जास्त वेळा वाजते. सातवी-आठवी तिला अजून थोडी आवडते म्हणे.

मी गल्ल्यावर पैसे देताना शेठजींना म्हणालो, ‘जरा वेळ बंद ठेवा की, साडीचा रंग धड दिसंना झालाय.’ कारणाला काही अर्थ नव्हता. ते हसले आणि हात मागं करून त्यांनी बटन दाबलं. मालक नोकराचं ऐकेल न ऐकेल, गिऱ्हाइकाचं ऐकतोच. तेव्हा पुढच्या खरेदीला जाल तेव्हा एवढं करा: पिशवी उचलताना आवाज जरा बारीक करायला सांगा. गादीमागच्या मुलींना ते म्हणता येत नाही.